वाचकांचे प्रश्न : पोस्टमॉर्टेममध्ये सापडलेला कॅन्सर आणि हाताला लागलेली गाठ

या महिन्यात एकाच विषयावर इतक्या ईमेल आल्यात की बीपी-शुगरचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलावे लागले. निमित्त झालंय व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज, "चाळिशीतल्या दर तिसऱ्या बाईच्या स्तनात कॅन्सर असतो, पोस्टमॉर्टेममध्ये सिद्ध झालंय, डॉक्टर लपवतात". कुणी घाबरून लिहिलंय तर कुणी उलट निर्धास्त होऊन, आणि खरं सांगायचं तर मला निर्धास्त झालेल्यांचीच जास्त काळजी वाटते. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशंटच्या आधी पेशंटचा तुकडा भेटतो ती डॉक्टर, त्यामुळे उत्तरं थोडी लॅबच्या खिडकीतून येतील, चालवून घ्या.

डॉक्टर ताई, माझं वय ४४. मेसेज वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. दर तिसरी म्हणजे आमच्या भिशीतल्या बारा जणींपैकी चौघी झाल्या. हे खरं आहे का? (एक वाचक, नाशिक)

ताई, आकडा कुणी हवेतून काढलेला नाही, पण मेसेज लिहिणाऱ्याने मधलं सगळं गाळून फक्त शेंडा ठेवलाय. १९८७ साली डेन्मार्कमध्ये नील्सन आणि सहकाऱ्यांनी २० ते ५४ वयाच्या ११० मृत बायकांचे स्तन अतिशय बारकाईने तपासले. या मेडिकोलीगल केसेस होत्या, म्हणजे कायद्याने पीएम करावं लागलेल्या, कॅन्सर वॉर्डातल्या बायका नव्हेत, आणि त्यातल्या फक्त एकीला स्तनाचा कॅन्सर असल्याचं जिवंतपणी माहीत होतं. तपासणीत २२ जणींमध्ये, म्हणजे २० टक्क्यांत, काहीतरी सापडलं. आता त्या २२ मध्ये आजूबाजूला घुसणारा, ज्याला आम्ही इनव्हेझिव्ह म्हणतो, तो कॅन्सर किती जणींना? दोघींना. त्यातली एक ती आधीच माहीत असलेली. बाकी २० जणींचं होतं ते इन सिटू.

इन सिटू म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला सोपं आहे, स्तनाची आतली रचना द्राक्षाच्या घडासारखी असते, मणी म्हणजे दूध तयार करणारे लोब्यूल आणि देठ म्हणजे ते वाहून नेणाऱ्या डक्ट, आणि इन सिटूमध्ये आतल्या पेशी बिघडलेल्या असतात, वेड्यावाकड्या वाढून दाटी केलेली असते, पण साल फाडून बाहेर पडलेल्या नसतात. बाहेर पडल्या नाहीत तोवर त्या काखेत, हाडात, फुप्फुसात जाऊ शकत नाहीत. काही कधीतरी बाहेर पडतात, काही वर्षानुवर्षं तिथेच राहतात, आणि बाई ऐंशीव्या वर्षी हार्ट अटॅकने जाते तेव्हाही त्या तिथेच असतात.

मग "दर तिसरी" कुठून आली, तर त्याच ११० मधल्या चाळिशीच्या बायका वेगळ्या काढल्या की प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जातं. एवढ्या छोट्या गटात दोन-तीन बायका इकडच्या तिकडे झाल्या की टक्केवारी कुठल्या कुठे जाते हे मेसेजवाल्याला कोण सांगणार! २००४ मध्ये ज्युडा फोकमन आणि रघु कल्लुरी या दोन संशोधकांनी 'नेचर'मध्ये हाच आकडा वापरला होता, पण त्यांचा मुद्दा मेसेजच्या बरोबर उलटा होता. त्यांचं म्हणणं असं की चाळीस ते पन्नास वयात इतक्या बायकांच्या स्तनात सूक्ष्म बिघाड दिसतो आणि त्या वयात प्रत्यक्ष कॅन्सरचं निदान होतं जेमतेम १ टक्क्याला, म्हणजे बहुतेकींचं शरीर त्याला जागच्या जागी अडवून ठेवतं, नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत की तो पुंजका टाचणीच्या टोकाएवढाच राहतो.

एका अभ्यासावर जाऊच नका. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९४८ ते २०१० या काळातले, १० देशांतले असे १३ अभ्यास एकत्र केले, एकूण २३६३ शवविच्छेदनं. त्यातून आलेला अंदाज असा: न कळलेला इनव्हेझिव्ह कॅन्सर ०.८५ टक्के, इन सिटू ८.९ टक्के, आणि अटिपिकल हायपरप्लेझिया, म्हणजे कॅन्सरच्या अलीकडच्या पायरीवरच्या पेशी, ९.८ टक्के. तर तुमच्या बारा जणींत सरासरीने एखादीला इन सिटू असेल, आणि खराखुरा लपलेला कॅन्सर शंभरात एकीलाही नाही. चौघींचा हिशोब सोडा आणि भिशी चालू ठेवा.

माझा भाऊ जिल्हा रुग्णालयात पीएम रूमला आहे, इतक्या वर्षांत एकदाही असं काही सापडल्याचं त्याने ऐकलं नाही म्हणतो. मग या परदेशातल्या लोकांना बरं सापडतं! (एक वाचक, कोल्हापूर)

दादा, तुमचा भाऊ खोटं बोलत नाहीये आणि परदेशातले लोकही नाहीत. मला तर या सगळ्या विषयात हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पीएममध्ये शोधायचं असतं मृत्यूचं कारण. डोकं, छाती, पोट उघडतात, व्हिसेरा ठेवतात, आणि छाती उघडताना स्तन कातडीबरोबर बाजूला सारले जातात, त्यांच्याकडे कोण बघतंय. मोठी गाठ असेल तर हाताला लागेल, नाहीतर विषय संपला. या अभ्यासांतल्या लोकांनी काय केलं, तर स्तनाचं आतलं सगळं मांस वेगळं काढलं, त्याच्या पातळ चकत्या पाडल्या, डॅनिश अभ्यासात एक्स-रेसुद्धा काढले, संशयाची जागा दिसली की तिथून आणि नाही दिसली तरी ठिकठिकाणहून तुकडे घेतले.

आता त्या तुकड्याचं पुढे काय होतं बघा. साधारण तीन-चार मिलिमीटर जाडीचा तुकडा प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये बसवतात, रात्रभर मशीनमध्ये त्याचं पाणी काढून मेण भरतात, सकाळी त्याचा ब्लॉक तयार होतो, मग मायक्रोटोमवर त्याची चार मायक्रॉनची पापडी काढतात, ती कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलतात आणि गुलाबी-जांभळा रंग देतात. चार मिलिमीटरचा तुकडा आणि चार मायक्रॉनची पापडी, म्हणजे मी जी स्लाइड बघते तो त्या तुकड्याचा हजारावा भाग असतो फक्त. बाकीचं मेणात तसंच बंद. आणि तो तुकडा तरी अख्ख्या स्तनाचा केवढासा! इन सिटूचा पुंजका दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर सुरी त्याच्या शेजारून गेली की माझ्या रिपोर्टमध्ये "नॉर्मल".

म्हणून १९९७ मध्ये वेल्च आणि ब्लॅक या अमेरिकन डॉक्टरांनी असे सात अभ्यास शेजारी शेजारी मांडले तेव्हा आकड्यांचा गोंधळ निघाला. इन सिटू डक्टल कॅन्सर, म्हणजे डीसीआयएस, एका अभ्यासात शून्य टक्के, दुसऱ्यात १४.७, मधला आकडा ८.९. आणि एका स्तनामागे किती स्लाइड बघितल्या? सरासरी ९ पासून २७५ पर्यंत! ज्यांनी जास्त स्लाइड बघितल्या त्यांना साधारणपणे जास्त सापडलं. इनव्हेझिव्हचा आकडा मात्र शून्य ते १.८ मध्येच राहिला, कारण तो मुळातच कमी आणि बऱ्याचदा मोठा, डोळ्याला दिसण्यासारखा.

यात अजून एक गंमत, की गंमत कसली, डोकेदुखीच. एकच स्लाइड दोन पॅथॉलॉजिस्टना दिली तर दोघं एकच बोलतील असं नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत ११५ पॅथॉलॉजिस्टना स्तनाच्या बायोप्सीच्या प्रत्येकी ६० स्लाइड वाचायला दिल्या आणि त्यांची उत्तरं तज्ज्ञांच्या पॅनेलच्या उत्तराशी ताडली. इनव्हेझिव्ह कॅन्सरला ९६ टक्के जुळलं, डीसीआयएसला ८४, आणि अटिपियाला, म्हणजे त्या कॅन्सरच्या अलीकडच्या पायरीवरच्या पेशींना, ४८. अर्ध्याहून कमी! तेव्हा १९८० च्या आसपास कुणी कशाला इन सिटू म्हटलं आणि आज आम्ही त्याला काय म्हणू, यात फरक पडणारच.

तर भावाला सांगा, तू ज्या कामासाठी उघडतोस त्या कामात हे दिसायचं कारणच नाही.

ताई, मी ३१ वर्षांची आहे. पाळीच्या आधी छाती दुखते, गाठीगाठी लागतात. सोनोग्राफीत फायब्रोसिस्टिक चेंजेस, बारीक सिस्ट असं आलंय. सासूबाई म्हणतात आत्ताच काढून टाक, पुढे कॅन्सर होतो. (एक वाचक, पुणे)

अगं, सासूबाईंचा हेतू चांगला आहे पण काढायचं काय काय! १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया फ्रँट्झ आणि सहकाऱ्यांनी ज्यांना स्तनाचा कुठलाही त्रास नव्हता अशा २२५ बायकांचे स्तन मृत्यूनंतर तपासले, तर ५३ टक्क्यांत सिस्टवाले, म्हणजे पाण्याच्या पिशव्यांचे, बदल निघाले, काही नुसत्या डोळ्यांना दिसणारे आणि जास्त मायक्रोस्कोपखाली. म्हणजे निम्म्याहून जास्त "नॉर्मल" बायकांना ते होतं. १९८२ मध्ये सर्जन सुझन लव्ह यांनी सहकाऱ्यांबरोबर सरळ विचारलं की निम्म्या बायकांच्या हाताला लागणारी आणि मायक्रोस्कोपखाली ९० टक्के बायकांत दिसणारी गोष्ट, तिला आजार म्हणायचं कशाला, आणि काही वर्षांत अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनीही रिपोर्टमध्ये "डिसीज" लिहिणं सोडलं.

पुढे कॅन्सर होतो का याचंही उत्तर आहे. १९८५ मध्ये ड्युपाँट आणि पेज यांनी, गाठ काढून ती साधी निघाली अशा ३३०३ बायकांचा सरासरी १७ वर्षांचा मागोवा घेतला. ७० टक्के बायकांच्या बायोप्सीत पेशींची वाढ नव्हतीच, आणि त्यांना इतर बायकांपेक्षा जास्त धोका नव्हता. धोका सगळ्यात जास्त वाढलेला होता तो अटिपियावाल्या छोट्या गटात, चौपट-पाचपट. तुझ्या रिपोर्टमध्ये अटिपिया असणं शक्यच नाही कारण तो सोनोग्राफीत दिसत नाही, त्याला बायोप्सी लागते, आणि नुसत्या बारीक सिस्टसाठी बायोप्सी कुणी करत नाही.

दुखण्यासाठी नीट मापाची, आधार देणारी ब्रा वापर आणि पाळीच्या आठवडाभर नंतर पुन्हा हात लावून बघ, बहुतेक गाठी विरलेल्या असतील. एखादी गाठ मात्र पाळीनंतरही तशीच राहिली, बाकीच्यांपेक्षा वेगळी, कडक लागली तर सर्जनला दाखव. आईला, मावशीला, बहिणीला लहान वयात कॅन्सर झाला असेल तर तेही सांग, ते तू लिहिलेलं नाहीस.

मी न्यू जर्सीला असते, वय ५८. मॅमोग्राममध्ये (स्तनाच्या एक्स-रेत) कॅल्शियमचे ठिपके दिसले, बायोप्सीत डीसीआयएस आलं, त्याला इथे स्टेज झिरो म्हणतात. डॉक्टर लम्पेक्टमी (फक्त बिघडलेला भाग काढायचं ऑपरेशन) आणि रेडिएशन सुचवतायत. पोस्टमॉर्टेमचे आकडे वाचल्यावर वाटतंय की राहू द्यावं, तसंही काही होणार नाही. (एक वाचक)

तुमचा तर्क मला पटतो आणि तरीही मी "राहू द्या" म्हणणार नाही.

पटतो अशासाठी की मॅमोग्राफी सुरू झाल्यावर जे झालं ते शवविच्छेदनवाल्यांनी आधीच दाखवलं होतं, की खाली हा साठा पडलेला आहे, जितकं खोल बघाल तितका वर येईल. ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये तज्ज्ञांच्या मार्मट समितीने हिशोब मांडला: पन्नाशीपासून २० वर्षं १०,००० बायकांना मॅमोग्राफीला बोलावलं तर ४३ मृत्यू टळतात, आणि १२९ बायकांना असा कॅन्सर सांगितला जातो जो त्यांना जन्मभर कळलाही नसता. एका वाचलेल्या जिवामागे तिघींवर नको ते उपचार. पण ज्या ४३ वाचल्या त्यांना विचाराल तर त्या काय म्हणतील हेही उघड आहे.

"राहू द्या" म्हणत नाही ते अशासाठी की पोस्टमॉर्टेममध्ये सापडलेले पुंजके आणि तुमच्या मॅमोग्राममध्ये ठिपके टाकून दिसलेलं डीसीआयएस ही एकच गोष्ट आहे असं धरून चालता येत नाही. तिकडचे बरेचसे इतके छोटे असतात की कुठल्याही मॅमोग्राममध्ये आले नसते. आणि मेलेल्या माणसाच्या स्लाइडवरून आत्ता काय आहे ते कळतं, पुढे काय झालं असतं ते नाही.

जिवंत बायकांवरचं एक नवं काम तुमच्या उपयोगाचं आहे. कॉमेट नावाच्या अमेरिकन चाचणीचे पहिले निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आले. कमी धोक्याचं डीसीआयएस असलेल्या ९५७ बायकांपैकी काहींना नेहमीप्रमाणे ऑपरेशन सुचवलं आणि काहींना दर सहा महिन्यांनी मॅमोग्राम करून लक्ष ठेवलं. दोन वर्षांत इनव्हेझिव्ह कॅन्सर निघाला तो ऑपरेशनच्या गटात ५.९ टक्के, लक्ष ठेवलेल्या गटात ४.२ टक्के, म्हणजे थांबलेल्यांचं नुकसान झालं नाही. पण दोन वर्षं हा या आजारात फार छोटा काळ आहे, थांबलेल्यांपैकी बऱ्याच जणी हार्मोनच्या गोळ्या घेत होत्या, आणि चाचणीत घेतलेल्या सगळ्या ग्रेड १ किंवा २ च्या, म्हणजे पेशी फार बिघडलेल्या न दिसणाऱ्या, आणि हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणाऱ्या. ग्रेड ३ ला हे लागू नाही, त्यात वाट बघायला मी कुणालाच सांगणार नाही.

तर रिपोर्ट उघडा आणि ग्रेड किती, रिसेप्टर काय, नेक्रोसिस, म्हणजे मेलेल्या पेशी, लिहिलंय का ते बघा, स्लाइड दुसऱ्या ब्रेस्ट पॅथॉलॉजिस्टकडे पाठवून सेकंड ओपिनियन घ्या, मग डॉक्टरांना थेट विचारा की माझ्या केसमध्ये लक्ष ठेवण्याचा पर्याय आहे का, आणि रेडिएशन नाही घेतलं तर परत येण्याची शक्यता किती वाढते. घाई नाही. एक लाखाहून जास्त डीसीआयएसवाल्या बायकांच्या २०१५ च्या अभ्यासात २० वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू ३.३ टक्के होते, बहुतेकींनी उपचार घेतलेले होते हे खरं, पण काही आठवडे विचार करायला वेळ आहे एवढं त्यातून नक्की निघतं.

आईच्या (वय ५६) डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ आहे, पाच-सहा महिने झाले. दुखत नाही म्हणून ती दाखवत नाही, आणि आता भावाने तो मेसेज वाचून दाखवला की अशा गाठी सगळ्यांनाच असतात, मेल्यावर कळतं. (एक वाचक, बीड जिल्हा)

हे उत्तर वाचून झालं की आईला घेऊन निघा, अंक नंतर वाचा.

वर जे काही लिहिलंय ते सगळं न दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या, काच-मेण-मायक्रोस्कोप घेतल्याशिवाय न सापडणाऱ्या गोष्टींबद्दल आहे. सुपारीएवढी गाठ त्यात बसतच नाही. छप्पन्नाव्या वर्षी नव्याने आलेली, न दुखणारी, महिनोन् महिने तशीच राहिलेली गाठ ही तपासून नाही म्हणेपर्यंत संशयितच. आणि दुखत नाही म्हणून बरं, हे तर बरोबर उलटं आहे, स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला सहसा दुखतच नाही. भावाला रागावू नका, त्याने आईला धीर द्यायलाच वाचून दाखवलं असणार, पण गाडी त्यालाच काढायला लावा.

आपल्याकडचं दुखणं हे नको तितकं शोधल्याचं नाहीये, उशिराचं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं काम केलं. मॅमोग्राफी नाही, मशीन नाही, दोन गट केले, त्यातल्या एका गटाचे स्तन प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या, असे चार वेळा. २०२१ मध्ये निकाल छापून आले. तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडणाऱ्यांचं प्रमाण न तपासलेल्या गटात ४७ टक्के होतं, तपासलेल्या गटात ३७, आणि तपासलेल्यांतल्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. आई ५६ ची आहे.

जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात सर्जरी ओपीडीला जा. तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि मग जाड सुईची बायोप्सी, ट्रूकट म्हणतात तिला, जागा बधिर करून करतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" असं शेजारपाजारचे म्हणतील, त्या भीतीने बायोप्सी टाळू नका. बायोप्सीच्या आधीच कुणी गाठ कापून टाकू म्हणालं तर मात्र थांबा, आधी निदान, मग ऑपरेशन. आणि रिपोर्ट काहीही आला तरी ब्लॉक आणि स्लाइड मागून जपून ठेवा, पुढे दुसरीकडे जावं लागलं तर त्याच उपयोगी पडतात.

हे सगळं बायकांचं झालं. मी ६३ वर्षांचा पुरुष, एका बाजूला निप्पलखाली चकतीसारखं काहीतरी लागतं, थोडं दुखतं. घरात सांगितलं तर हसतात. (एक वाचक, ठाणे)

काका, हसणाऱ्यांना सांगा की १९६३ मध्ये अमेरिकेत ४४७ पुरुषांच्या शवविच्छेदनाचा अभ्यास छापून आला होता आणि त्यातल्या ४० टक्क्यांना हेच होतं, गायनेकोमॅस्टिया. वय वाढलं की हार्मोनचं प्रमाण बदलतं आणि निप्पलखाली रबरासारखी चकती तयार होते. बीपीची किंवा हार्टची गोळी चालू असेल तर तिचं नाव बघा, स्पायरोनोलॅक्टोनने हे होऊ शकतं, प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड घेत असाल तर त्यानेही होतं. मनाने गोळी बंद करू नका, लिहून देणाऱ्याला विचारा. लिव्हरचा त्रास किंवा रोजचं पिणं असेल तर तेही लपवू नका.

पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, एकूण केसेसपैकी साधारण शंभरात एक. चकती निप्पलच्या बरोबर मध्यावर न राहता एका बाजूला असेल, दगडासारखी कडक असेल, निप्पल आत ओढलं गेलं असेल, रक्त येत असेल किंवा काखेत गाठ असेल, तर याच आठवड्यात सर्जनकडे. यातलं काहीच नसलं तरी एकदा दाखवाच, कारण तुमची एकाच बाजूला आहे आणि वय ६३. सोनोग्राफी केलेली असेल तर तिचा कागद आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन जा.